केर कोठे जातो?

दिवेलागणीनंतर घरातला केर बाहेर टाकू नये असा मराठी घरातील एक जुना संकेत आहे. त्याचे कारण सांगताना वडीलधारी माणसे लक्ष्मीचे नाव घेत. समईच्या मंद उजेडात केराबरोबर एखादा मणी, एखादे नाणे निघून जाऊ नये, एवढाच त्यातला व्यवहार असावा. हल्ली घरोघर विजेचा लख्ख प्रकाश आहे. तरीही रोज सकाळी शहरातील बहुतेक घरांतून एक मोलाची वस्तू केराबरोबर बाहेर पडते, आणि ती गेल्याची कोणास खंत वाटत नाही. ही वस्तू म्हणजे भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, देवघरातील निर्माल्य आणि ताटात उरलेले अन्न. नगरपालिकांच्या भाषेत हा ‘ओला कचरा’. आपल्याकडील शहरांच्या एकंदर केरात त्याचा वाटा वजनाने निम्म्याच्या आसपास असतो.

केर ‘बाहेर’ टाकला असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात ‘बाहेर’ या शब्दाला काही पत्ता नसतो. वस्तुतः तो असतो. पुण्याच्या केरापुरता तो पत्ता कित्येक वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी असा होता. सासवडच्या रस्त्यालगतची ही दोन शेतकरी गावे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून तेथील खाणींच्या जागेत पुण्याचा केर जाऊन पडू लागला. ढीग वाढत गेले, पावसाचे पाणी त्यांतून झिरपत गेले, आणि गावच्या विहिरींचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही. ज्या गावास स्वतःच्या विहिरी होत्या, त्यास टँकरच्या पाण्याची वाट पाहावी लागली. गावकऱ्यांनी अनेक वेळा केराच्या गाड्या रस्त्यातच अडवल्या. असे झाले की दोन-चार दिवसांतच शहरातील चौकाचौकांत पेट्या ओसंडत आणि नागरिक नाकाला रुमाल लावून महापालिकेस दोष देत. जो वास शहराला चार दिवस सोसवला नाही, तो त्या गावांनी वर्षानुवर्षे सोसला होता, हे मात्र फारच थोड्यांच्या ध्यानी आले. जुने ढीग उकरून त्यांतील माती, प्लास्टिक व इतर जिन्नस वेगळे करण्याचे खर्चाचे काम पुढे महापालिकेस हाती घ्यावे लागले. बटाट्याची साल घरीच वेगळी ठेवण्यास यत्किंचितही खर्च आला नसता!

मुंबईचा देवनारचा उकिरडा याहूनही जुना. तेथे 1927 पासून केर पडत आला. जानेवारी 2016 मध्ये त्याला लागलेल्या आगीचा धूर शहरावर दिवसचे दिवस पसरला. तो अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रांतही दिसला, आणि महापालिकेस त्या भागातील आपल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. उकिरड्याला आग का लागते? ओला पदार्थ मोकळ्या हवेत कुजला तर त्यातून मुख्यतः पाणी, ऊब आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. तोच पदार्थ प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, वर दहा हात केर चढवून हवेवाचून कुजवला, तर त्यातून मिथेन निघतो. हा वायू जळतो. जळला नाही तर वातावरणात जाऊन उष्णता कोंडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची ही शक्ती तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट आहे, आणि वीस वर्षांच्या हिशेबाने 80 पटींच्या घरात जाते. सारांश, साल तीच. ती मोकळ्या माठात गेली तर माती होते, आणि गाठ मारलेल्या पिशवीत गेली तर विस्तवाला निमंत्रण.

ही विद्या परकी नाही, आणि तिच्या आधुनिक इतिहासात एक मराठी नावही आहे. इंदूर येथे होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर 1924 मध्ये वनस्पतिउद्योगाची एक संशोधनसंस्था निघाली. तिचे प्रमुख आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तेथे काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व लाकडाची राख यांचे थर रचून, ते तीन वेळा उलथवून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत बसवली. चिनी शेतकऱ्यांची पिढीजात रीत त्यांच्यापुढे होती. या देशातला उकिरडा तर होताच. 1931 मध्ये दोघांच्या नावे या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि ‘इंदूर पद्धती’ हे नाव जगभरच्या शेतीशास्त्रात रूढ झाले. हॉवर्ड यांचे नाव पुष्कळांस ठाऊक असते; वाडांचे नाव त्यांच्याच भाषेतील लोक विसरले.

त्याच इंदुरात, फेब्रुवारी 2022 मध्ये, शहराच्या ओल्या केरापासून वाहनांना लागणारा वायू काढणारा कारखाना सुरू झाला. दिवसाला 550 टन केर पचवण्याची त्याची क्षमता. ज्या देवगुराडियाला पूर्वी केराचे डोंगर होते, तेथेच तो उभा आहे. परंतु या कारखान्याचे खरे यंत्र शहरातील स्वयंपाकघरांत आहे. घराघरांतून ओले आणि कोरडे वेगळे आले नसते, तर त्यात काचा आणि प्लास्टिक जाऊन तो केव्हाच बंद पडला असता. केर वेगळा करून देण्याचा नियम 2000 सालापासून देशभर होता, आणि 2016 च्या नियमांनी ओला, कोरडा व घातक असे तीन भाग घरीच करण्याचे बंधन स्पष्ट शब्दांत घातले. नियम सर्व शहरांस एकच होता. तो पाळण्याची चिकाटी मात्र थोड्यांनीच दाखवली.

वेगळा न केलेल्या केराची झळ प्रथम कोणास लागते, हेही पाहिले पाहिजे. पुण्यात केर वेचून पोट भरणाऱ्या स्त्रीपुरुषांनी 1993 मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभारली. त्यातूनच 2008 मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था निघाली. दारोदार केर गोळा करणाऱ्या या बायांच्या मिळकतीचा एक भाग कोरड्या मालाच्या विक्रीतून येतो. आमटीने भिजलेल्या कागदाला भंगाराच्या दुकानात कोणी किंमत देत नाही. म्हणजे एका घरात वाटीभर आमटी चुकीच्या डब्यात गेली, की दुसऱ्या घरातील मीठमिरची कमी होते. फुटलेली काच उघडी टाकली तर हात कापतो. म्हणून काच जाड कागदात गुंडाळून, वर तसे लिहून द्यावी. आणि मासिक पाळीतील वापरलेले नॅपकिन कागदात बांधून त्यावर लाल ठिपका काढावा. हा ठिपका काढण्याचा प्रघात पुण्यात याच बायांच्या मागणीने पडला.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळता येईल. पण तिची सुरुवात कुंडीपासून होत नाही, ताटापासून होते. रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा, भाताला फोडणी, उरल्यासुरल्या वरणात पीठ कालवून थालीपीठ, दोडक्याच्या शिरांची चटणी, कोथिंबिरीच्या काड्यांचे वाटण, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची भाजी. मराठी सुगरणीने हे सारे शास्त्राचे नाव न घेता पिढ्यान्‌पिढ्या केले. त्यास कोणी गरिबीचे लक्षण समजू लागले असेल, तर ती समजूत सोडावी. जे अन्न पोटात जाते त्याचा केर होत नाही.

त्यातूनही उरते त्याच्यासाठी मातीचा जुना माठ किंवा भोके पाडलेले पिंप पुरे. दुकानांतून या कामाकरिता रंगीबेरंगी, महागडी यंत्रे विकली जातात; निसर्गरक्षणाच्या नावाने नवी खरेदी करण्याची ही हौस मोठी विनोदी आहे. भांडी मात्र दोन हवीत. एक भरत असताना दुसऱ्यातले मुरते. तळाशी आणि बाजूंना भोके असावीत, खाली विटा असाव्यात, म्हणजे पाणी निथळते आणि वारा फिरतो. तळाशी काटक्या व नारळाच्या शेंड्या घालाव्यात. त्यावर जुने शेणखत किंवा तयार खत ओंजळभर टाकावे. हे विरजण होय. विरजणावाचून दूध नासते, दही होत नाही, येथेही तसेच.

पुढे रोजचा ओला केर बारीक चिरून घालावा आणि त्यावर तितकेच, किंबहुना दुप्पट, कोरडे पसरावे. वाळलेला पाचोळा सर्वांत उत्तम. तो अंगणात जाळणे म्हणजे विरजणासाठी आणलेले दही ओतून देण्यासारखेच आहे. पाचोळा नसल्यास लाकडाचा भुसा किंवा फाडलेले वर्तमानपत्र चालते. जो नवशिका थोड्याच दिवसांत माठ टाकून देतो, तो बहुधा येथेच चुकलेला असतो. ओल्यात नायट्रोजन फार, कोरड्यात कार्बन फार. कुजवणाऱ्या सूक्ष्म जीवांना एक भाग नायट्रोजनाबरोबर सुमारे तीस भाग कार्बन लागतो. कोरडे कमी पडले तर उग्र वास सुटतो, चिलटे जमतात, आणि घरातील एखादी कर्ती व्यक्ती ‘हा प्रयोग आजच बंद करा’ असे बजावते. त्या वेळी माठ बंद करू नये. काडीने हलवून दोन ओंजळी पाचोळा घालावा. वास एक-दोन दिवसांत जातो. ओल किती असावी? मिश्रण मुठीत दाबले असता पिळलेल्या फडक्याप्रमाणे ओलसर लागावे, पण पाणी गळू नये.

कधी त्यात पांढुरक्या, गुबगुबीत अळ्या दिसतात आणि घरात आरडाओरडा होतो. त्या बहुधा काळ्या सैनिकमाशीच्या असतात. त्या चावत नाहीत, अन्न मात्र झपाट्याने फस्त करतात. त्यांचे काम झाले की त्या आपोआप निघून जातात. मांसमच्छीचे काटे, तेलकट तर्री, लोणच्याचा खार हे छोट्या माठात घालू नये. लिंबाच्या साली थोड्या. आंब्याच्या कोयी आणि करवंट्या वर्षानुवर्षे तशाच राहतात. निर्माल्यातील दोरा आणि चमकीचा कागद आधी काढावा. ‘विघटनशील’ असे छापलेल्या पिशव्याही यात टाकू नयेत. त्यांतील पुष्कळ जाती कारखान्यातील मोठ्या उष्णतेतच मोडतात, घरच्या माठात नव्हे.

शिजलेले अन्न ज्यांच्याकडे बरेच उरते, त्यांना दुसरी वाट आहे. पुण्याचे शास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने अशा अन्नावर चालणारे घरगुती गोबरगॅससारखे छोटे संयंत्र तयार केले. पिष्टमय अन्नापासून शेणापेक्षा कितीतरी लवकर आणि अधिक वायू मिळतो, हे त्यातील मर्म. 2006 मध्ये या कामास इंग्लंडमधील अॅश्डेन पुरस्कारही मिळाला. गच्ची मोकळी असेल तेथे हे शोभते. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडास माठच बरा.

गणिताने पाहिले तर या माठाचे वजन कळते. एका घरातून दिवसाला अर्धा किलो ओला केर निघतो असे धरले, तर वीस बिऱ्हाडांच्या इमारतीतून वर्षाला साडेतीन टनांहून अधिक होतो. एवढा भार एका इमारतीने उकिरड्यावर पाठवायचा किंवा आपल्या आवारात जिरवायचा. अशी सोय करणाऱ्या मिळकतींना पुणे महापालिकेने मिळकतकरात सवलत देऊ केली. त्या सवलतीसाठी खड्डे पुष्कळ खणले गेले, परंतु छायाचित्र काढून झाल्यावर कित्येकांत पुन्हा केर पडलाच नाही. सोसायटीच्या सभेत वाहनतळावर तासभर वाद घालणाऱ्या गृहस्थांनी या खड्ड्यावरील झाकण महिन्यातून एकदा उचलून पाहिले तरी बरेच काम होईल. आणि हे काम केवळ घरातील स्त्रीचे आहे असे समजण्याचेही कारण नाही. पाचोळा गोळा करण्यास आणि माठ हलवण्यास पुरुषाचे हात तितकेच योग्य असतात.

दोन-तीन महिन्यांनी माठातील पदार्थ काळसर, भुसभुशीत होतो आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास त्याला येतो. भरताना डोक्यावर आलेला माठ या वेळी तळाशी गेलेला असतो. ते खत दोन दिवस सावलीत पसरून चाळणीने चाळावे. तुळशीला, कढीपत्त्याला, गच्चीवरील मिरचीला मूठ-मूठ पुरते. त्यातून न पेरलेली टोमॅटोची आणि भोपळ्याची रोपे उगवली तर आश्चर्य मानू नये. चाळणीवर जो जाडा चाळ उरतो, न कुजलेली काटकी, एखादी हट्टी कोय, तो फेकू नये. दुसऱ्या माठाच्या तळाशी घालावा. विरजण पुन्हा कोणाकडून मागून आणावे लागत नाही.