दोन संगणकांचा संवाद
माणगाव तालुक्यात लोणेरे येथे १९८९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. संगणकविद्या या परिसराला आता परकी नाही. तरीही ‘सॉकेट’ची आज्ञावली प्रथमच लिहिणारा विद्यार्थी हमखास अडतो. ‘जोडणी नाकारली’ असा संदेश आल्यास यंत्र सापडले, परंतु त्या पोर्टवर सर्व्हर ऐकत नाही, असे बहुधा समजावे. उत्तरच न आल्यास पत्ता व फायरवॉल तपासावी. सर्व्हर १२७.०.०.१ या पत्त्याशी बांधला असल्यास दुसरे यंत्र त्याला गाठू शकत नाही.

टीसीपीत मजकूर प्रवाहासारखा येतो. एकाच वाचनात तो पूर्ण मिळेलच असे नाही. अर्धवट नोंद पूर्ण मानली, तर एखाद्या ग्रामस्थाचा दाखला चुकेल. म्हणून मजकुराची लांबी आधी पाठवावी व तितका मिळेपर्यंत वाचत राहावे. शिक्षकांनी आयते उत्तर न देता ही क्रमवार तपासणी शिकवावी.