जेली का जमते?
(उत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमात केलेले भाषण)



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर. रूळ, स्लीपर, काँक्रीट हा माझा विषय. पण आज बोलणार आहे पेरूच्या जेलीवर, कारण तिने माझी चांगलीच खोड मोडली.

बदली होऊन कोलकात्याला आलो आणि बारुईपूरचे पेरू पाहून हरखलो. पिवळेधमक, मऊ पेरू निवडून जेली केली. ती पातळच राहिली. फोनवर आई म्हणाली, "अरे, पिकलेला पेरू खायला. जेलीला जरा कच्चट घे आणि लिंबू पिळ." मी ऐकले नाही. पुन्हा तेच पेरू, साखर वाढवली, खूप आटवले. झाली चिकट काकवी!

मग पुस्तक उघडले. फळाच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे पेक्टिन. ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1825 मध्ये त्याला हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गोठणारे, घट्ट होणारे. फळ फार पिकले की त्यातलेच एन्झाइम पेक्टिनच्या लांब साखळ्या तोडतात, म्हणून ते मऊ पडते. या साखळ्या रसात एकमेकींना दूर लोटतात. लिंबाचे आम्ल ते लोटणे कमी करते, साखर पाणी ओढून घेते, आणि साखळ्यांचे जाळे विणले जाते. साखर साधारण 60 ते 65 टक्के, उकळते तापमान 105 अंशांच्या आसपास, की जेली जमते. तिघांपैकी एक कमी पडला तरी बेत फसतो. काँक्रीटमध्ये तरी वेगळे काय असते?

आपल्या बाप्पाचे आवडते कवठही पेक्टिनने भरलेले. इथल्या बाजारात ते 'कदबेल' म्हणून मागा.

तिसऱ्या खेपेला आईचे ऐकले. ती बाटली गावी नेली. आईने चमचाभर जेली बशीत काढली. ती थरथरली, पण पसरली नाही. "जमली," एवढेच आई म्हणाली.

आज आई नाही. तिचे लोणचे, तिचे आंबोशीचे प्रमाण मी विचारून ठेवले नाही. तुमच्या घरी सांगणारे कोणी असेल, तर आजच वही घेऊन बसा. कारण नंतर पुस्तकात सापडेल. प्रमाण सापडणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!