ओझे कोणाच्या पाठीवर?



भांडवलशाहीवर ग्रंथ उदंड झाले. परंतु ज्या मजुराला अक्षरओळख नाही, त्याला ग्रंथ काय सांगणार? त्याच्याशी व्यंगचित्र बोलते. म्हणून दोन अमेरिकन चित्रांविषयी आज चार शब्द सांगावेत असे योजिले आहे.

पहिले १८८३ सालचे, ‘पक’ या विनोदी साप्ताहिकातले. चित्रकार बर्नार्ड गिलम. हलाखीच्या समुद्रात मजूर उभे आहेत आणि त्यांच्या पाठीवर एक तराफा. तराफ्यावर लाखोंच्या थैल्या, आणि त्यांना टेकून जे गूल्ड, व्हँडरबिल्ट, सायरस फील्ड व रसेल सेज ही बडी धेंडे निवांत विसावली आहेत. खालच्यांची मजुरी आठवड्याला सहा ते अकरा डॉलर, तीही चित्रातच लिहिलेली! नाव काय? ‘आमच्या उद्योगांचे संरक्षक’. जबर आयातकर कामगाराच्या हिताचा, असे त्या काळी मालक सांगत; गिलमने त्यांचाच शब्द उचलून त्यांच्याच गळ्यात बांधला. (हेच ‘पक’ संपकऱ्यांचीही टिंगल करी, हे विसरू नये.)

दुसरे चित्र १९११ सालचे, ‘इंडस्ट्रियल वर्कर’ या कामगारपत्रातले. त्याहून जुन्या एका रशियन चित्रावरून ते बेतलेले होते. तो एक मजल्यांचा मनोरा आहे. तळाशी श्रमिक स्त्री-पुरुष आपल्या खांद्यांवर सारा भार पेलताहेत. त्यांच्यावर मेजवानी झोडणारे धनिक, त्यांच्यावर बंदुका रोखलेले शिपाई, मग धर्मोपदेशक, मग राजे आणि राज्यकर्ते. अगदी शिखरावर मात्र माणूस नाहीच. तेथे आहे पैशाची थैली!

माझ्या मते दोहोंतले खरे अंतर येथेच आहे. गिलमच्या चौघांना नावे आहेत, म्हणून त्यांचा संताप येतो. पण ते चौघे समुद्रात पडले तरी तराफा तसाच राहील आणि दुसरे चौघे चढतील. मनोऱ्यात एकाही धनिकाचे नाव नाही. तेथे दोषी ठरते ती रचना, आणि तिला बंदूक व प्रवचन दोन्ही का लागतात हेही दिसते.

तथापि या मनोऱ्यात एक उणीव मला जाणवते. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर असे. तो कामगारांतूनच वर आलेला, त्यांच्याच बोलीत बोलणारा. कामावर घेणे-काढणे त्याच्या हाती, आणि त्यासाठी तो आपल्याच माणसांकडून लाच खाई. त्याला कोणत्या मजल्यावर काढायचे? पाय तळाशी, हात वरच्या ताटात. असा माणूस त्या चित्रात कोठेच नाही.