सेवेत खंड न धरता



मी कामगार चळवळीतला माणूस. माझे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा पोळलेल्या भूतकाळासकट माणसाने स्वतःला पुरे कसे मानावे, या विषयावर मी तत्त्वज्ञान सांगू लागलो तर ते शोभणार नाही. निकालपत्रांत वाचलेले चार शब्द तेवढे आज तुमच्यापुढे ठेवतो : ‘सेवेत खंड न धरता.’

कामगार बडतर्फ होतो. दावा लागतो, तारखा पडतात, वर्षे जातात. तो जिंकला, तर त्याला पूर्ववत कामावर घ्यावे आणि त्याची सेवा अखंड धरावी, असा हुकूम होतो. पुष्कळदा मागचा पगार मिळत नाही. मिळाला तर अर्धामुर्धा. एखादी वेतनवाढही शिक्षा म्हणून कापली जाते. परंतु सेवा अखंड! याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. मधली चार वर्षे तो यंत्रावर उभा नव्हता, हे कोणीच नाकारीत नाही. त्या वर्षांत त्याने हमाली केली असेल, बायकोचे डोरले गहाण टाकले असेल, दारूही जवळ केली असेल. ते काही पुसले जात नाही. ठरते ते एवढेच, की त्या वर्षांनी माणसाचे दोन तुकडे पडले नाहीत. त्याची ज्येष्ठता पहिल्या दिवसापासूनच मोजायची.

कायदा जे कामगाराला देतो, ते कामगार स्वतःला देत नाही, हे माझे दुखणे आहे.

मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. म्हणून की काय, कित्येकांच्या मनात तो अजून चालूच आहे. कोणी गावी परतला, कोणी पहारेकरी झाला, कोणी भाजीची पाटी घेऊन बसला. त्यांतल्या एखाद्याला विचारा, तो म्हणेल, ‘ब्याऐंशीपर्यंत मी माणूस होतो.’ पुढची चाळीस वर्षे त्याने मुले वाढवली, लग्ने केली, म्हाताऱ्या आईचे केले. ती त्याच्या हिशेबात नाहीत! गिरणी बंद पडली, तिच्याबरोबर याने स्वतःलाही टाळे ठोकले.

आणि ज्याच्या हातून खरोखरच वाईट घडले, पिऊन घर धुळीला मिळाले, तुरुंग पाहावा लागला, त्याच्या मनात तर चौकशी कधी संपतच नाही. कारखान्यातल्या चौकशीला काही रीत असते. आधी चार्जशीट मिळते. आरोप काय, ते कळते. साक्षीदारांना उलट प्रश्न विचारता येतात. बाजू मांडायला सोबती कामगार घेता येतो. मनातल्या चौकशीत मात्र फिर्यादी तोच, साक्षीदार तोच, चौकशी अधिकारीही तोच. आणि बचावाची खुर्ची रिकामी! असली चौकशी आम्ही युनियनवाले एक दिवस चालू देणार नाही. ती माणूस स्वतःवर तीस तीस वर्षे चालवतो.

यावर कोणी विचारील, ‘म्हणजे केलेले सगळे माफ म्हणायचे?’ मुळीच नाही. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखाली जे नमुना आदेश झाले, त्यांत शिक्षा देताना गैरवर्तन किती गंभीर आहे ते पाहा, मागचे रेकॉर्ड पाहा, आणि दोष हलका वा भारी करणारी परिस्थितीही पाहा, असे सांगितले होते. औद्योगिक विवाद कायद्यात १९७१ च्या दुरुस्तीने कलम ११-अ आले, आणि दोष शाबीत झाला तरी बडतर्फीची शिक्षा जास्त होते काय, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. आता त्या कायद्यांच्या जागी नवी संहिता आली आहे. परंतु त्यामागचा विचार शहाण्या माणसांचा होता. दोष हा दोषच. ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई करावी. ज्याला दुखावले त्याच्या दारी जावे, आणि त्याने दार उघडले नाही तरी रागावू नये. हा झाला कापलेला पगार. तो सोसावाच लागतो. पण पगार कापणे वेगळे आणि माणूस बडतर्फ करणे वेगळे.

ज्यात स्वतःचा काहीच दोष नाही, असाही भूतकाळ असतो. नारायण सुर्वे यांचे उदाहरण घ्या. रस्त्यावर सापडलेले हे मूल. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने ते उचलले, आपले नाव दिले, शाळेत घातले. पुढे या मुलाने गिरणीत काम केले, शाळेत शिपायाचे काम केले, आणि शिक्षकही झाला. १९६२ साली पहिला कवितासंग्रह निघाला, त्याचे नाव ‘ऐसा गा मी ब्रह्म’. ज्याच्या जन्माची नोंद नाही, तो आपली नोंद अशी करतो! १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पण मोठेपण मिळाल्यावर त्यांनी आपली जन्मकथा झाकली नाही, आणि ती दाखवून कीवही मागितली नाही. मला त्यांचे खरे मोठेपण इथे दिसते.

आपण सगळेच काही सुर्वे होणार नाही. होण्याची गरजही नाही. परंतु गंगाराम सुर्वे होणे पुष्कळांना साधण्यासारखे आहे. माणूस स्वतःला एकट्याने अखंड धरू शकत नाही. आधी कोणीतरी त्याला तसे धरावे लागते. तुमच्या आळीत कोणी तुरुंगातून सुटून आला असेल, कोणी दारू सोडून वर्ष काढले असेल. त्याला जुन्या नावाने हाक मारू नका. त्याच्या मनातल्या चौकशीत बचावाची खुर्ची रिकामी आहे. तिथे जाऊन बसा.

आणि ज्याला हे भाषण आपल्याविषयीच चालले आहे असे वाटत असेल, त्याला एवढेच सांगतो : बाबा रे, मधली वर्षे तुझीच आहेत. ती नाकारू नकोस. त्यांच्यासकट उद्या सकाळच्या पाळीला हजर हो. तुझी सेवा अखंड आहे.