पक्षाचा अध्यक्ष ठरवतं कोण?



निवडणुकीत आपण आमदार निवडतो, खासदार निवडतो.
पण पक्षाचा अध्यक्ष ठरवतं कोण?

साल 1939.
काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी सुभाषचंद्र बोस उभे होते.
समोर पट्टाभि सीतारामय्या.
गांधीजींचा कौल पट्टाभींना होता.
तरी प्रतिनिधींनी सुभाषबाबूंना निवडलं.

मग जबलपूरजवळ त्रिपुरीला अधिवेशन भरलं.
तिथं ठराव झाला:
कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी.

आता बघा.
अध्यक्ष निवडून आलेला,
पण सहकारी निवडायची मोकळीक नाही!
एप्रिलअखेर सुभाषबाबूंनी राजीनामा दिला.

म्हणजे मत कुणाचं, एवढं पाहून भागत नाही.
निवडलेल्याला काम करू देतात का, हेही पाहावं लागतं.

पुढे 1997 मध्ये महाराष्ट्राचे शरद पवार याच पदासाठी लढले.
जिंकले सीताराम केसरी.
2022 मध्ये शशी थरूर यांना हरवून मल्लिकार्जुन खर्गे आले.
मतदान गुप्त होतं.
पण मत प्रतिनिधींना;
गावातल्या साध्या सदस्याला नाही.

मला विचाराल, तर त्यालाही मत हवं.
ब्रिटनच्या हुजूर पक्षात ते आहे.
खासदार आधी चाळणी करतात,
उरलेल्या दोघांतून सदस्य निवडतात.
2022 मध्ये खासदारांची जास्त पसंती ऋषी सुनक यांना होती.
सदस्यांनी लिझ ट्रस निवडल्या.
त्या दोन महिनेही टिकल्या नाहीत.
होतं असंही!

तुम्ही एखाद्या पक्षाचे सदस्य आहात?
मग पक्षाची घटना मागून घ्या.
अध्यक्ष ठरवतं कोण,
ते त्यात लिहिलेलं असतं.