झाकणाची शेगडी : माझा अनुभव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषण करण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नाही. लग्नात नाव घ्यायला सांगितले तेव्हाही माझे पाय लटपटत होते. पण आपल्या चिटणीसबाई ऐकेनात. म्हणाल्या, "तुमच्या शेगडीचा वास दर रविवारी गल्लीभर पसरतो, तर तिची हकीकतही गल्लीला कळू द्या." म्हणून उभी राहिले आहे. चुकलेमाकले पदरात घ्यावे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी गॅसची निंदा करायला आलेली नाही. माझे माहेर पेणकडचे. पावसाळ्यात ओल्या लाकडांवर फुंकणीने फुंकून फुंकून आईचे डोळे लाल होत, आणि तिचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. सासरी पहिला सिलिंडर आला त्या दिवशी सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिले होते. रोजचा चहा, वरणभात, पोळ्या हे सारे आमच्या घरी आजही गॅसवरच होते आणि पुढेही होईल. बदल केला तो फक्त भाजण्याच्या पदार्थांपुरता.

त्याचे कारण असे झाले. वांगे असो, मक्याचे कणीस असो की बांगडा असो, मी बर्नरवर जाळी ठेवून भाजत असे. वांग्याची साल वरून काळी होई आणि देठाजवळ आत कच्चेच राही. बांगड्याचे तेल गळून बर्नरची भोके बुजत, मग दुसऱ्या दिवशी सुई घेऊन बसायचे. एवढे करून चंपाषष्ठीच्या दिवशी सासूबाई घास घेऊन म्हणाल्या, "वांगे भाजलेस गं, पण हे भरीत नव्हे." बोलणे लागले, पण खोटे नव्हते.

मी मुलाला विचारले, की विस्तव तो विस्तव, मग चवीत फरक का? तो तंत्रशाळेत शिकतो. त्याने सांगितले की आपला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. ते जळताना पाण्याची वाफही तयार होते. शिवाय ज्योत जिथे लागेल तिथेच करपते. निखाऱ्याची धग मात्र कोरडी असते आणि ज्योत न लागताही चहूकडे सारखी पोचते. पदार्थातला रस आणि तेल निखाऱ्यावर पडले की त्याचा धूर होतो आणि तो पुन्हा पदार्थालाच लागतो. आपण ज्याला शेगडीची चव म्हणतो, ती बरीचशी या धुराची. धुंगार देताना आपण निखाऱ्यावर तूप सोडतो, तीच ही गोष्ट.

मग साधी उघडी शेगडी आणली. तिच्यावर वेगळीच पंचाईत. बांगड्याचे तेल पडले की भपकन जाळ होई आणि वांग्यांना एकसारखे फिरवत बसावे लागे. त्याच सुमारास अमेरिकेतल्या भाच्याने आपल्या अंगणातील शेगडीचे छायाचित्र पाठवले. गोल, तीन पायांची, वर घुमटासारखे झाकण. तिला तिकडे केटल म्हणतात. तिची कथा मोठी मौजेची आहे. शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ एका पत्राकाम करणाऱ्या कारखान्यात होते. तिथे पाण्यावर तरंगणारे लोखंडी बोये बनत. उघड्या शेगडीवर वारा आणि जाळ यांनी ते कंटाळले होते. 1952 साली त्यांनी एक बोया मधोमध कापला, खालचा भाग शेगडीला घेतला आणि वरचा झाकणाला. हवेसाठी भोके ठेवली आणि काम झाले.

ते ऐकून मला माहेरची पोपटी आठवली. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडके भरतात, तोंड पाल्याने बंद करून मडके पालथे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. तोंड बंद म्हणून आतली वाफ आतच राहते आणि दाणा मऊ होतो. तेव्हा झाकणाची युक्ती आपल्याला काही परकी नाही.

आमचे हे मागाच्या कारखान्यात जॉबर आहेत. त्यांनी भंगारातून दोन जाड लोखंडी कढया आणल्या, एकाच मापाच्या. खालच्या कढईच्या तळाला तीन भोके पाडली आणि वरच्या पालथ्या कढईला दोन. प्रत्येक ठिकाणी रिव्हिटवर फिरणारी पत्र्याची चकती बसवली. खाली तीन पाय, वर लाकडी मूठ, मध्ये जाळी. एक सांगून ठेवते, कढया साध्या लोखंडाच्याच घ्या. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा रंगाचा डबा यासाठी वापरू नये. मुलामा आणि रंग तापला की त्याची वाफ विषारी असते.

आता रीत सांगते. कोळसा लाकडी घ्यावा, दगडी नव्हे. एकावर एक आपटला की खणखणीत वाजणारा आणि वजनाला हलका तो चांगला. पावसाळ्यात कोळसा ओल धरतो आणि मग तडतडून ठिणग्या उडवतो, म्हणून तो डब्यात झाकून ठेवावा. पेटवायला मी तुपाच्या पत्र्याच्या डब्याची दोन्ही तोंडे कापून खाली चार भोके पाडली आहेत. डबा प्रथम रिकामाच तापवून त्यावरचा रंग जाळून टाकला. आता त्यात वर कोळसा, खाली कागद आणि नारळाची सोडणे. काडी लावली की 15 ते 20 मिनिटांत सगळा कोळसा धरतो, ना रॉकेल ना फुंकणी.

इथे माझी पहिली चूक कबूल करते. आपल्या भिवंडीत सुताच्या गुंत्याला काय तोटा! मी सुरुवातीला कारखान्यातला गुंताच पेटवणाला घेतला. भुरकन पेटला, पण असा उग्र वास सुटला की केलेली वांगी टाकून द्यावी लागली. तो सुती नव्हताच, पॉलिएस्टरचा होता. म्हणजे एका परीने प्लॅस्टिकच. तेव्हापासून गुंता शेगडीजवळ आणत नाही.

कोळशावर राखेची पांढरी साय आली की तो एका बाजूला सारावा आणि दुसरी बाजू मोकळी ठेवावी. बांगडा आधी निखाऱ्यावर दोन्हीकडून चटका देऊन घ्यावा, मग मोकळ्या बाजूला सारून झाकण घालावे. भरताचे मोठे वांगे तर सारा वेळ मोकळ्या बाजूलाच ठेवावे, अर्ध्या तासाच्या आत देठापर्यंत लोण्यासारखे होते. खालची भोके उघडली की धग वाढते, अर्धी झाकली की उतरते. वरची भोके मात्र भाजताना कधी पूर्ण बंद करू नयेत, नाहीतर धूर आत कोंडून पदार्थ कडवट होतो. आणि घडीघडी झाकण उचलून पाहू नये! आमच्या घरी हीच खोड फार. झाकण उचलले की धग जाते, आणि हवा मिळाल्याने निखारे भडकतात ते निराळेच. काळे करपलेले खरवडून टाकावे, चवीचे म्हणून खाऊ नये. काम झाल्यावर सगळी भोके बंद केली की कोळसा विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी कामी येतो.

इथवर सारे गोड झाले. आता जे सांगणार आहे, त्यासाठीच खरे म्हणजे मी बोलायला कबूल झाले.

आषाढाचा शेवटचा रविवार होता. श्रावण तोंडावर, त्यामुळे घरात बेत मोठा. मागच्या मोकळ्या जागेत शेगडी पेटवली आणि वऱ्हाळदेवीच्या तलावाकडून जी सर आली ती थांबेचना. अर्धे कच्चे टाकवत नव्हते. मी आणि मुलाने शेगडी उचलून मागच्या खोलीत आणली. निखाऱ्यावर राख धरलेली, धुराचे नाव नाही. मला वाटले, धूर नाही म्हणजे धोका नाही. झड आत येत होती म्हणून खिडकी लावली. दारही लोटले. सासूबाईंचे गुडघे पावसात दुखतात, त्या शेकायला शेगडीजवळ येऊन बसल्या.

थोड्या वेळाने माझे डोके दुखू लागले. वाटले, सकाळपासून काही खाल्ले नाही, पित्त झाले असेल. धाकटी मुलगी म्हणाली, "आई, मळमळतंय." तिला मी रागावले, की मघापासून चटणी चाखत बसलीस म्हणून. एवढ्यात सासूबाई उठायला गेल्या आणि उभ्याच्या उभ्या खाली कोसळल्या. मी ओरडायचे म्हटले तर माझेच हातपाय हलेनात. नशीब म्हणून हे त्याच वेळी आत आले. त्यांनी दार, खिडकी उघडली, सासूबाईंना उचलून पुढच्या ओट्यावर नेले, आम्हाला ओढून बाहेर काढले आणि शेजारच्यांनी 108 ला फोन केला. दवाखान्यात सासूबाईंना बराच वेळ प्राणवायू लावून ठेवला होता. त्या वाचल्या. आज समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावले, ते जसेच्या तसे तुम्हाला सांगते. कोळसा पेटला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला जो भाग प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. राख धरलेल्या, धूर नसलेल्या निखाऱ्यातूनही हा वायू निघत राहतो.

मला फार आश्चर्य वाटले ते याचे, की आपल्या सिलिंडरच्या गॅसलाही मुळात वास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वासाचे औषध मिसळतात. कोळशाच्या या वायूत वास मिसळायला कोणी बसलेले नाही. ते काम आपल्या अकलेनेच करायला हवे.

घरी आल्यावर मी सासूबाईंच्या पायांवर डोके ठेवून रडले. त्या म्हणाल्या, "रडू नकोस. धूर दिसला असता तर तू आपण होऊन खिडकी उघडली असतीस. दिसला नाही, त्यात तुझा काय दोष? पण आता कळलं ना, मग ते चार जणींना सांग." शेगडी फेकून द्या असे मात्र त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही फेकली नाही. तिची जागा तेवढी कायमची ठरवली.

तर भगिनींनो, घरचे हे नियम ध्यानात ठेवा. कोळशाची शेगडी उघड्यावरच पेटवायची. घरात, मोरीत, बंद गॅलरीत, जिन्याखाली पेटवायची नाही. खिडकी उघडी ठेवू, पंखा लावू, अशी पळवाट काढायची नाही. पाऊस आला तर निखारे तिथेच सोडून पदार्थ तेवढा आत आणायचा आणि उरलेले गॅसवर करायचे. बाळंतिणीच्या खोलीत शेक म्हणून निखारे ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, तीही आता सोडावी. गरम पाण्याची पिशवी तेच काम करते. विझवलेली शेगडीसुद्धा रात्रभर बाहेरच राहू द्यावी, कारण आत धुगधुगी असते. राख दुसऱ्या दिवशी पाणी ओतून, हाताने चाचपून मगच टाकावी. आपल्या गावात भिंतीला भिंत लागून सुताची आणि कापडाची गोदामे आहेत. एका ठिणगीने काय होते ते मी आपल्याला सांगायला नको. वारा सुटला असेल त्या दिवशी शेगडी पेटवूच नये, आणि पाण्याची बादली जवळ असावी. आणि कोणाचे डोके दुखले तर पित्त म्हणून बसू नये, आधी माणसाला मोकळ्या हवेत आणावे.

इतका त्रास आहे तर शेगडी हवीच कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. चवीसाठी, हे तर खरेच. पण आणखी एक गोष्ट आहे. गॅसवर मी भाजत असे तेव्हा ओट्याशी मी एकटी असे आणि बाकीची मंडळी ताटावर वाट पाहत. आता शेगडी मागे पेटली की हे कोळसा सारतात, मुलगा चिमटा घेऊन बांगडा उलटतो, मुलगी कणसाला लिंबूमीठ चोळते आणि सासूबाई लांब खुर्चीवर बसून सगळ्यांच्या चुका काढतात. शेजारच्या काकू शाकाहारी, त्या आपली रताळी आणि वांगी आधी भाजून घेतात, जाळी स्वच्छ असेतोवर. आईने चूल फुंकली ती नाइलाजाने आणि एकटीने. मी निखारा पेटवते तो हौसेने, आणि चार माणसे हाताशी घेऊन.

गेल्या चंपाषष्ठीला भरताचा पहिला घास सासूबाईंना दिला. त्यांनी तो सावकाश खाल्ला आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." भरीत नव्हे, असे मात्र म्हणाल्या नाहीत. मला तेवढे पुरले.

कोणाला शेगडी बघायची असेल तिने रविवारी जरूर यावे. येताना दोन वांगी घेऊन यावे. एवढे बोलून आपली रजा घेते.