जुनी चिठ्ठी, नवे नाव



काळ्या पाटीवर पेन्सिलीने करवतीचे बारीक पाते काढावे, तशी एक खूण दगडावर दिसते. हा ग्रॅप्टोलाइट, नावाचा अर्थच मुळी ‘दगडावरील लेखन’. सुमारे पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वी समुद्रात तरंगणाऱ्या चिमुकल्या प्राण्यांच्या वसाहतीचे हे घर. पात्याचा एकेक दाता म्हणजे एकेका प्राण्याची खोली. लिनियसने १७३५ साली हे नाव योजिले, ते खऱ्या जीवाश्मांना नव्हे, तर तसा नुसता भास करून देणाऱ्या रेघोट्यांना! थोरामोठ्यांनाही दगड असा चकवतो.

स्कॉटलंडात गॅलाशील्स गावी चार्ल्स लॅपवर्थ नावाचे एक शाळामास्तर होते. मॉफट गावाजवळच्या डॉब्ज लिन या घळीतील काळे थर पाहावेत तर सारे सारखेच, त्यातून ते दुमडलेले आणि उलटलेले. मास्तरांनी त्यांतले ग्रॅप्टोलाइट थराथराने वेचले आणि १८७८ साली त्यांच्या आधारे थरांचा खरा क्रम लावून दाखविला. तेव्हा लक्षात घ्या, जीवाश्माचे नाव चुकले की थराचे वयही चुकते.

मग संग्रहालयातील जुने खण पुन्हा का उघडावे लागतात? पूर्वी फांद्या किती आणि खोल्यांचा आकार कसा, यावर कूळ ठरे. परंतु एकच आकार निरनिराळ्या कुळांत स्वतंत्रपणे आलेला असतो. शिवाय हे जीव दगडात चिरडून सपाट झालेले. समोरून पाहावे तर एक रूप, कडेने पाहावे तर दुसरेच. म्हणून आता अभ्यासक वसाहतीचे जन्मटोक तपासतात. तेथे पहिल्या प्राण्याची शंकूसारखी पेली असते. तिच्यातून पुढच्या खोल्या कोणत्या क्रमाने फुटल्या, हे भिंगाखाली पाहतात. लॅपवर्थ यांची ‘नॉर्मॅलिस’ ही जात क्लायमॅकोग्रॅप्टसमध्ये होती; ती आज नॉर्मॅलोग्रॅप्टस या वेगळ्या प्रजातीत गेली आहे.

पोलंडच्या रोमान कोझलोव्हस्की यांनी तर चकमकीसारखा कठीण दगड आम्लात विरघळवून आतली घरे अखंड बाहेर काढली. आजच्या समुद्रातील टेरोब्रँक प्राण्यांशी त्यांचे नाते आहे, हे त्यांनी १९४९ साली विस्ताराने मांडले. पुढे २०१३ साली ऱ्हॅब्डोप्ल्यूरा हा हयात प्राणीच ग्रॅप्टोलाइट ठरविण्यात आला. ज्यांना आपण नामशेष म्हणत होतो, त्यांचा वंशज समुद्रतळी अजून घरे बांधतो आहे!

खणात नवी चिठ्ठी ठेवताना जुनी मात्र फाडीत नाहीत. दगड कोठे, कोणत्या थरात सापडला, हे पुष्कळदा तिच्यावरच लिहिलेले असते.